आत्याच्या निळ्या फुलदाणीतला डाग

सुमनआत्या गेल्याचा फोन ऑफिसात आला, तेव्हा पहिलं मनात आलं ते हे, की गेले चार रविवार मी बरकतपुऱ्याला तिच्याकडे फिरकलोच नव्हतो. दीड महिना झाला, ते काही मनातून जात नाही.

आत्या एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला काचेच्या जुन्या फुलदाण्यांचा नाद लागला. जुन्या सामानाच्या जुमेरात बाजारातून एखादी कळकट फुलदाणी आणायची आणि लख्ख करायची. व्हिनेगर, कोमट पाणी, मूठभर तांदूळ... आणि मग हलवत बसायचं. तिची मनगटं दुखायला लागली तसं हे हलवणं माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्या उजळल्या, पण एका निळ्या फुलदाणीच्या तळाचा पांढरट डाग हटेना. बोअरच्या पाण्याचा क्षार आहे, असं ती म्हणायची. तीन वर्षं तो डाग माझ्या मानगुटीवर बसला होता. शहरात नव्या कंपन्या निघत होत्या, मला कॉम्प्युटरची नोकरी लागली होती, आणि आठवड्याची एकुलती एक सुट्टी मी तांदूळ खुळखुळवण्यात घालवत होतो. फरशीचं अ‍ॅसिड नेलं, तर तिनं बाटली उघडूही दिली नाही.

"नक्को रे, घाई कायकू? पुढच्या रविवारी बघू पुन्हा."

त्या 'पुन्हा'नं माझं डोकं फिरायचं. शेवटी एकदा भडकलोच. म्हटलं, तुझा डाग तूच काढ, मला कामं आहेत. तसाच निघालो. वळूनही पाहिलं नाही, की पुढचे चार रविवार फिरकलो नाही.

तेराव्यानंतर निळी घेऊन तिच्या नेहमीच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. काही करा, पण हा क्षार काढा, म्हणालो. त्यानं ती उजेडात धरली.

"ये खार नै है मियाँ, काँचइच खराब है. जाने का नै. बाई को तो मैं बेचते वखतइच बोल दिया था."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तिचाच राग आला. सरळ 'येत जा रे' म्हणायला काय झालं होतं? पण तशी ती म्हणाली असती, तर मी कामाचं निमित्त सांगून टाळलं असतं, हेही तिला ठाऊक होतं...

काल रविवार होता. तिच्या खोलीचं कुलूप काढलं, निळीत व्हिनेगर ओतलं, तांदूळ टाकले आणि तासभर हलवत बसलो. डाग जाणार नाही, हे आता मलाही ठाऊक आहे.