गळलेली संत्री

दहावीच्या वर्गाच्या ग्रुपवर माझा फोटो आला. डोक्याला मायचा जुना रुमाल, ओढणीत सात-आठ संत्री. खाली लिहिलं होतं, 'स्कॉलरशिपवाली चोर.' त्याखाली हसरे चेहरे. बोटानं वर सरकवत राहिले तरी संपेनात.

मी चोर नव्हते. सौंसरकडे संत्र्याच्या बागांत तोडाईला जाणाऱ्या कुणालाही विचारा. दिवसभराचं काम संपलं की झाडाखाली गळून पडलेली संत्री मजुरांची. मालक स्वतःच सांगतो, घेऊन जा. रविवारी मी मायसोबत तोडाईला जायची. फोटो काढला मालकाच्या मुलीनं. माझ्याच वर्गातली, दोन बाकं पुढं बसणारी. हा रिवाज ती लहानपणापासून बघत आलेली. तरी तिनं तसं लिहिलं, कारण त्या आठवड्यात गणितात मी तिच्या पुढं गेले होते. आमची वस्ती बौद्धांची, हे वर्गाला माहीत होतंच. जे लिहिलं नव्हतं तेही सगळ्यांनी वाचलं.

ग्रुप सोडायची सोय नव्हती. अभ्यास त्यावरच यायचा.

फोन मायचा. तिनं फोटो पाहिला, अक्षरं जुळवत वाचलं. सकाळी तिनं बसस्टँडजवळचं मोबाइलचं दुकान गाठलं. म्हणाली, "भाऊ, यातलं सारं पुसून टाक. माह्या पोरीचं नाव खराब करून राहिले." त्यानं पुसून दिलं. आपल्या फोनमधून गेलं म्हणजे जगातून गेलं, असं तिला वाटलं. दहावीत शिकणाऱ्या मलाही तसंच वाटलं. याची आजही लाज वाटते.

शाळेत मात्र हसणं थांबलं नाही. मग मी वर्गाच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "पुरावा दाखव." मी रिकामा फोन पुढं केला.

"काहीच तर नाही यात. उगाच चांगल्या घरच्या पोरीवर आळ घेऊन राहिली तू."

चांगल्या घरची. मग आमचं घर कसलं? हे तिथं विचारता आलं नाही. घरी येऊन रडले.

पुढच्या आठवड्यात शाळेत इंटरनेट सुरक्षेचा कार्यक्रम झाला. बाहेरून आलेले पाहुणे म्हणाले, मुलींनी स्वतःचे फोटो टाकू नयेत, काळजी घेतली तर असं काही होत नाही. टाळ्या पडल्या. मालकाच्या मुलीनंही वाजवल्या. माझं डोकं सणकलं. मी उठले.

"मी फोटो टाकला नाही. माझा काढला. मॅडम, ग्रुप तुम्हीच बनवला. पुरावा तुमच्या पर्समधल्या फोनमध्ये आहे. उघडा."

बोलता बोलता माझं मलाच कळलं. मॅडमनी माझ्याकडे जे मागितलं, ते पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच होतं.

त्यांनी पर्स उघडली नाही. "खाली बस," एवढंच म्हणाल्या. मी बसले नाही. कार्यक्रम संपेपर्यंत उभी राहिले. जिंकले वगैरे काही नाही. माफी कुणी मागितली नाही. तो फोटो अजून कुणाकुणाकडे असेल.

आता रविवारी मी वस्तीतल्या विहारात पोरांना आणि त्यांच्या आईबापांना शिकवते. फोनवर असलं घाण काही आलं तर आधी पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. उलट शिवी देऊ नका. मोठ्यांना सांगा, एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

काल रामाकोन्याहून एक बाप सहावीतल्या पोरीला घेऊन आला. तिचा चेहरा जोडून कुणीतरी घाणेरडं चित्र वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. तो ते पुसायलाच निघाला होता.

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं.

"पोरीची बदनामी होईन न, ताई."

"बदनामी करणाऱ्याची होईल. पोरीनं काय केलं?"

उद्या आम्ही तिघं तिच्या शाळेत जाणार आहोत. अर्ज लिहून तयार आहे, दोन प्रतींत. एकीवर शाळेचा शिक्का घेऊ. दिला नाही तर तिथूनच सरळ ठाण्यात. आपसात मिटवा म्हणत कुणी चहा मागवला, तर तो आम्ही पिणार नाही.