मिठात मुरलेली फळी

आमचे थोरले दीर, धाकू सुतार. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांना सगळेच टरकून असत. हातात जाड लाकडी मोगरी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बैलाने मान झटकली तर बैलाला, भाकरी करपली तर बायकोला. बिचारी जाऊ माझी, गोदा, मेली, सुटली म्हणते मी! पण होडी बांधावी तर भावोजींनीच, हेही तितकंच खरं.

त्यांचं लाकूड न्यारं असायचं. सागाच्या फळ्या ते वर्षानुवर्षं खाडीच्या खाऱ्या चिखलात पुरून ठेवत. मीठ मुरलं की कीड लागत नाही. होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप बुजतात. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं.

एका वैशाखात कल्याणच्या त्र्यंबकराव वकिलांचं बोलावणं आलं. त्यांनी मुंबईहून किल्लीची आगगाडी आणलेली, मांजराएवढी. गणपतीच्या मखराभोवती ती फिरवायची होती. "धाकू, रूळ तू कर. खाडीवरचा पूलसुद्धा हवा हं!"

भावोजी असे फुगले म्हणून सांगू! पुरलेल्यातल्या सगळ्यात जुन्या फळ्या काढून उन्हात वाळवल्या. दोघा भावांनी मिळून करवत ओढली, वरच्या टोकाला भावोजी, खालच्या टोकाला माझा नवरा. होडीला भिडवतात तशाच फळ्या एकीला एक घट्ट भिडवल्या, सुई शिरायची नाही अशा. वर लोखंडी पट्ट्यांचे रूळ ठोकले. किल्ली दिली आणि गाडी सरसर फिरली. त्या दिवशी भावोजी पोरासारखे हसले. मग सगळं कापडाखाली झाकून खोलीत ठेवलं.

श्रावणात हवा इतकी दमट की धुतलेलं लुगडं चार-चार दिवस वाळेना. अशाच एका संध्याकाळी माझा नवरा भावाला म्हणाला, "दादा, आम्ही वेगळं राहतो आता. रंगूला तुझ्या शिव्या सोसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी कापड काढलं. फळ्या एकमेकींना रेटून वर उचललेल्या, खिळे उपटलेले, रूळ वाकडे आणि गंजून लाल.

"सहद्या! तूच केलंस! वेगळं व्हायचंय म्हणून वकिलापुढे माझं नाक कापतोस?"

"दादा, आईची शपथ, मी हातसुद्धा..."

पुढचं ऐकलंच नाही मेल्याने. भावाचा उजवा हात ओंडक्यावर दाबला आणि मोगरी घातली. पुन्हा घातली. पुन्हा. मी मधे पडले तर पोटात लाथ बसली. ओंडक्यावरून रक्त खाली ठिबकत होतं आणि माझा नवरा गुरासारखा ओरडत होता. हाडवैद्याने बोटं चाचपली आणि म्हणाला, "आता करवत विसरा." सुताराला करवत विसरा म्हणे! मी भावोजींना दिल्या त्या शिव्या सांगण्यासारख्या नाहीत.

भावोजींनी फळ्या ठोकून बसवल्या, रूळ सरळ केले. पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कडोसरीला खोचली.

चतुर्थी तोंडावर आली तेव्हा त्यांनी कुलूप काढलं. फळ्या पुन्हा वर आलेल्या. रूळ पुन्हा वाकडे. आत चिटपाखरूसुद्धा गेलेलं नव्हतं. भावोजींनी फळीवर हात फिरवला, तो ओला झाला. बोट जिभेला लावलं. खारट! हवेतलं पाणी त्या मिठानेच ओढून घेतलेलं.

मोगरीने त्यांनी त्या रुळांचा भुगा केला. मग आमच्या खोलीच्या दारात आले, मोगरी भावापुढे टाकली आणि आपला उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. "मार."

माझा नवरा हळदीने लडबडलेला हात छातीशी धरून बसलेला. म्हणाला, "तुझाही मोडला तर खाणार काय सगळे?"

मी मारली असती. देवाशप्पथ, मारली असती. पण तो खरं बोलत होता.

वकिलांचा गणपती आगगाडीविनाच बसला, आणि आमचं वेगळं राहणं राहूनच गेलं. एका हाताच्या माणसाने कुठे जायचं? करवतीचं खालचं टोक मी धरलं. ज्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्याच्यासमोर कासोटा खोचून रोज उभी राहिले. मरेपर्यंत भावोजी कापण्याआधी प्रत्येक फळीला बोट लावून चाखून बघायचे. आणि दर वेळी मी खालून ओरडायची, "तेव्हा कुठे गेलेली ही जीभ?"

ते वरून करवत ओढायचे.