लव गेलेला टॉवेल

दोरीवरचा जुना टॉवेल हातात आला. त्याची लव पार गेलीय. पाणी टिपत नाही, नुसता अंगावरून फिरतो. लहान आतड्यालाही आतून अशीच लव असते, अन्नातलं सत्त्व तीच टिपून रक्तात सोडते, असं काल डॉक्टर म्हणाले. माझ्या मुक्ताला गहू सोसत नाही. गव्हानेच तिची ती लव झिजून सपाट झालीय.

वर्षभर पोर वाळत चालली होती, आणि मी रोज तुपाची आणखी एक पोळी तिच्या ताटात घालत होते.

"आई, पोट दुखतंय गं."

"खा मुकाट्याने. अंगी लागेल."

आज तिच्यासाठी ज्वारीची भाकरी केली. तरी वाढताना माझा हात आपसूक पोळ्यांच्या डब्याकडे गेला. मुक्ता त्या हाताकडे बघत राहिली.