यल्लाप्पाची जांभई

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर यल्लाप्पा गवळ्याच्या जांभईला तोड नव्हती. चंद्री म्हशीच्या कासेखाली बसून तो असा काही जबडा पसरायचा की रांगेतलं पहिलं गिऱ्हाईक तोंडावर हात न्यायचं, मग दुसरं, आणि बघता बघता शेवटची चरवीवाली म्हातारीही आ वासायची. धार डोळ्यांसमोर काढल्याशिवाय दुधावर विश्वास न ठेवणारी ही माणसं, पण जांभई मात्र यल्लाप्पाकडून बिनबोभाट घ्यायची.

यल्लाप्पाचं म्हणणं, चंद्रीसुद्धा त्याचं बघून जांभई देते. यावर अख्खा कट्टा हसायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायचा वर्धमान, कापडदुकानवाला. सूर्य उगवल्यावर चरवी घेऊन यायचा आणि दूध लगेच घरी नेऊन तापवायची त्याला घाई असायची. पण वाद घालायला त्याच्याकडे वेळच वेळ. म्हैस रवंथ करते, तिला कसली आलीय जांभई, असं त्याचं ठाम मत. खरी गोम वेगळीच होती. यल्लाप्पाची जांभई संपून चंद्री मान वळवायची, तेव्हा रांगेतले सगळे स्वतःच्या जांभईत डोळे मिटून उभे! बघणार कोण? आठ वर्षं हा वाद चालला आणि दोघांपैकी एकाचाही एक दिवस खाडा झाला नाही.

मग अठ्ठ्याण्णव साली यल्लाप्पाच्या घशात गाठ निघाली. गणपती गेले आणि ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने शब्द काढायचा नाही आणि तोंड फार उघडायचं नाही. म्हणजे बोलणंही बंद आणि जांभईही बंद. आली की बिचारा ओठ आवळून गिळायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. बायकोला, सीताबाईला, एकटीला झेपेना म्हणून तिनं चंद्रीला आपल्या भावाकडे, केरबाकडे, गारगोटीला धाडलं.

दिवाळीचा पाडवा जवळ आला तसा यल्लाप्पाचा जीव खालीवर होऊ लागला. पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी सजवून चौकात आणतात, मालक लांब उभा राहून हाळी मारतो आणि म्हैस गर्दीतून त्याच्याकडे धावत येते. चंद्री तर त्याच्या आवाजाशिवाय पान्हासुद्धा सोडायची नाही. आता आवाजच नव्हता, आणि दीड महिना तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. चौकात नाचक्की झाली असती, ती त्यानं सोसली असती. चंद्री आपल्याला विसरली, हे मात्र त्याला सोसलं नसतं. त्यानं पाटीवर लिहून सीताबाईला विचारलं, ओळखेल का?

"वळकंल की," सीताबाई म्हणाली. पण बोलताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

पाडव्याला केरबानं चंद्रीला टेंपोतून थेट चौकात उतरवलं. रंगवलेली शिंगं, गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर मोरपिसांची नक्षी. सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींनी कान किटले होते. यल्लाप्पाची पाळी आली. त्यानं हात हलवला, रुमाल हलवला. चंद्रीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि केरबाच्या खांद्याला नाक घासत उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, आवाजाबिगार कशी यील? यल्लाप्पाचा हात आपोआप खाली आला.

त्याच्या शेजारी नवे कपडे घातलेला वर्धमान उभा होता. पहाटेपासून जागा, देवळात जाऊन आलेला. त्यालाही मनातून वाईट वाटत होतं, पण झोप काही त्याला विचारून येत नव्हती. त्यानं भली मोठी जांभई दिली. ती लागली यल्लाप्पाला. दीड महिना गिळलेल्या सगळ्या जांभया एकदमच वर आल्या असाव्यात. त्यानं ओठ आवळले, ते उघडले, आणि डॉक्टरांना न जुमानता जबडा पार कानापर्यंत पसरला.

लांबवर चंद्रीचे कान ताठ झाले. ती एकटक बघत राहिली. मग मान वर करून, गुलाबी जीभ बाहेर काढून, सावकाश, तब्येतीत तिनं जांभई दिली. आणि निघाली. केरबाच्या हातातला दोर सुटला, माणसं बाजूला झाली, आणि तिनं डोकं यल्लाप्पाच्या छातीवर आदळलं. त्याच्या नव्या शर्टाला शिंगांचा सगळा रंग लागला. एव्हाना निम्मा चौक आ वासून उभा होता.

वर्धमानची जांभई मात्र आधीच उरकली होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याचे डोळे वेळेवर उघडे होते. अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं तो ओरडला, "यल्लाप्पा, दिली रं तिनं! मी बघितली!"

आणि आठ वर्षांचा वाद जिंकलेल्या यल्लाप्पाला 'सांगत नव्हतो का' एवढंही म्हणता येईना. तो चंद्रीच्या गळ्यात पडून हसत होता, रडतही होता.

पुढे आवाज आला, पण घोगरा, परक्या माणसाचा वाटावा असा. यल्लाप्पानं त्याची फिकीर केली नाही. त्यानंतर प्रत्येक पाडव्याला बाकीचे गवळी हाळी मारायचे आणि तो फक्त तोंड उघडून वाट बघायचा. चंद्री होती तोवर, एकदाही त्याला फार वेळ वाट बघावी लागली नाही.