दोनदा गाळलेलं तेल

मानसिंग चालवायचा ती लॉरी कोळशावर चालायची. लढाई लागली, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि नसरापूरच्या आनंदरावांनी आपल्या लॉरीच्या पाठीवर एक उंच लोखंडी पिंप बसवून घेतलं. पिंपात कोळसा पेटवायचा. त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि लॉरी दमेकऱ्यासारखी खोकत निघायची. सकाळी वेल्ह्याहून भोर, संध्याकाळी भोरहून वेल्हे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. फार चढ आला की ढकलायचं.

लॉरी आनंदरावांची. गोठ्यात उभी होती ती जुनी मोटार मात्र मानसिंगची स्वतःची.

ती त्यानं हौसेनं आणली नव्हती. त्याच्या बायकोला, फुलाबाईला, पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या तेव्हा लॉरी भोरला गेलेली होती. तिला बैलगाडीत घातलं. मूल वाटेतच गेलं. दुसऱ्या खेपेला लॉरी दारात होती. फुलाबाईला पुढं बसवलं, आणि मार्गासनीच्या अलीकडं गॅस बसला. पिंप उघडून, कोळसा ढोसून लॉरी हलेपर्यंत दुपार झाली. धुरानं तिचा जीव घाबरा झाला. उतारू बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. मुलगी झाली. रडली नाही.

त्यानंतर मानसिंग भोरला गंगाधरपंतांकडं गेला. पंत संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या परसात कापडी टपाची एक मोटार कित्येक वर्षं पडून होती. टप फाटलेला, इंजिन अडकलेलं, मागच्या गादीत पिसं.

"अरे मानसिंग, ती मोटार नाही. कोंबड्यांचं खुराडं आहे," पंत म्हणाले.

"कोंबड्या तुमी ठिवून घ्या. खुराडं मला द्या."

पंत हसले. घेऊन जा म्हणाले.

दोन बैलजोड्यांनी ओढत मोटार वेल्ह्यात आणली. मानसिंगनं चार बैलांची मोटार आणली म्हणून गाव पोट धरून हसलं. तोही हसला. त्याला एकच गोष्ट हवी होती. तिसऱ्या खेपेला दारात अशी गाडी उभी असावी, जिला कोळसा लागत नाही, उतारू लागत नाहीत, आनंदरावांची परवानगी लागत नाही. फुलाबाईला बसवायचं आणि सरळ भोरचा दवाखाना गाठायचा.

दिवसा लॉरी, रात्री मोटार. अशी दोन वर्षं गेली. पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक जिन्नस यायचा. लॉरीचं काही अडलं की मोटारीचं काढून तिला लावावं लागायचं, कारण लॉरी बंद तर चूल बंद. मग मोटार पुन्हा मागं पडायची.

"दादा, तुजं दोन बायकांच्या दादल्यावानी झालंय," कुंडलिक म्हणायचा. हा मानसिंगचा चुलतभाऊ. लॉरीवर कोळसा घालायचा, वेळेला चाकही धरायचा. "येक राबणारी, येक नटणारी. राबणारीचं फाटलं की नटणारीचं लुगडं सोडायचं."

"तू कोळसा घाल गप."

फुलाबाई उंबऱ्यातून ऐकायची. "आन् मी कितवी म्हनायची, भावजी?"

"तुमी मालकीण, वैनी. दोघींच्या सासूबाई!"

फुलाबाई हसायची. त्या दिवसांत ती पुन्हा हसायला लागली होती.

मोटार जुळत आली तेव्हा तेलानं अडवलं. इंजिनात घालायचं मोबिल तेल आनंदरावांच्या लॉरीलाच पुरत नव्हतं. जे मिळायचं ते बाटलीभर, तेही चार दारं हिंडून. मानसिंग डोक्याला हात लावून बसला. तेव्हा फुलाबाई म्हणाली, "करंजाचं तेल घाला की."

"इंजिनात?"

"बैलगाडीचा कणा जलमभर त्याच्यावर फिरतोय. तुमचं इंजिन काय लाटसायेब लागून गेलं?"

चैत्र-वैशाखात तिनं ओढ्याकाठच्या करंजाखालच्या शेंगा गोळा केल्या. फोडून बिया वाळवल्या. पाटी डोक्यावर घेऊन तेल्याच्या घाण्यावर गेली, तेल काढून आणलं, आणि धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं. मानसिंगनं आधी लॉरीत घालून पाहिलं. उरलंसुरलं मोबिल आणि वर करंज. कडवट वास गाडीभर पसरला.

"मानसिंग, लॉरीला खरूज झाली का रं?" उतारू विचारायचे. खरजेवर गावात तेच तेल चोळायचे.

लॉरीनं पावसाळा काढला. इंजिन कुरकुरलं नाही. मग मानसिंगनं मोटारीत नुसतं करंजाचंच तेल भरलं. दिवाळीत मोटार सुरू झाली. फुलाबाईला सातवा महिना लागला होता. तिला मागं बसवून तो विंझरपर्यंत गेला आणि परत आला. हादरा नाही, धूर नाही. गाव या वेळी हसलं नाही. म्हातारी सुईण साळूबाई मोटारीला हळदीकुंकू लावून गेली.

पेट्रोलचा एकच डबा जमवलेला होता. तो त्या दिवसासाठी राखायचा म्हणून मानसिंगनं मोटार पुन्हा सुरू केली नाही. टायर जिरू नयेत म्हणून खाली ठोकळे लावले. वरचेवर पुसायचा. मार्गशीर्षात एकदा हँडल फिरवून पाहिलं तर ते जड गेलं. पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, घट्ट बसल्यात, इंजिनात दम आहे, असं त्याला वाटलं. त्याला बरं वाटलं.

पौषात सकाळी, लॉरीचा कोळसा पेटला असताना, फुलाबाईच्या कळा सुरू झाल्या. साळूबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"आडवं हाय, मानसिंग. माझ्या हातचं न्हाई. भोरला हलीव तिला."

कुंडलिक लॉरीजवळून धावत आला. "दादा, गॅस धरलाय. वैनीला फुडं बसवू. गडी मान्सं सगळी मागं घालतो."

"त्या धुरात? मागल्या खेपेला बघितलंस न्हवं?"

"मग तुजी मोटार सुरू होऊस्तवर थांबतो."

लॉरीत उतारू भरलेले होते. त्यातल्या दोघांची भोरच्या कोर्टात तारीख होती. ते वर बसून ओरडत होते.

"जा तू," मानसिंग म्हणाला. "नसरापूरच्या आत तुला गाठतो का न्हाई बघ."

कुंडलिक घोटाळला. मग चाकावर बसला. लॉरी गेली.

मानसिंगनं हँडल फिरवलं. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. फिरेना. थंडीनं आखडलं असेल म्हणून त्यानं इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवली, वरून कढत पाणी ओतलं. बराच वेळ गेला. आतून फुलाबाईचा आवाज येत होता. मग हँडल सुटलं. एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं.

फुलाबाईला गोधडीत गुंडाळून मागं निजवलं. साळूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोटार गावाबाहेर पडली. लोक बांधावर उभे राहून बघत होते.

"खरंच की वं," फुलाबाई म्हणाली. "पाण्यावरनं चालल्यावानी."

पहिल्याच चढाला इंजिनात खटखट सुरू झाली. मानसिंगला ती समजली. तरी त्यानं पाय उचलला नाही. उचलून करणार काय? मग आत कुणी हातोडा घातल्यासारखा आवाज झाला, इंजिनाच्या कुशीतून लोखंडाचा तुकडा बाहेर आला आणि मोटार थांबली.

तो चढ चढून वर पळत गेला. पुढचा रस्ता लांबवर दिसत होता. त्यावर कुणी नव्हतं.

खळ्यावरची एक बैलगाडी मिळाली. नसरापूरच्या अलीकडं बैलगाडीतच सगळं झालं. मुलगा होता. तोही रडला नाही. फुलाबाईला भोरला नेलं. ती जगली.

लॉरी त्या दिवशी कुठंही न थांबता भोरला पोचली होती. चढावर कुणाला उतरावंही लागलं नव्हतं. कुंडलिकनं हे सांगितलं नाही. उतारूंनी सांगितलं.

मोटार पुन्हा बैलांनी ओढून गोठ्यात आणली. आठवड्यानं मानसिंगनं खालचं तेलाचं भांडं सोडलं. तेल खाली आलं नाही. वाटीतलं तूप थिजावं तसं ते थिजलेलं होतं, तळाला पांढुरका गाळ, आणि तेल जायच्या सगळ्या वाटा चिकट राळेनं बुजलेल्या. लॉरीतलं तेल रोज तापायचं. त्यात रोज नवं पडायचं. मोटारीतलं हे दोन-अडीच महिने थंडीत बसून राहिलं होतं.

तो तसाच मोटारीखाली पडून राहिला. मग बोटांनी गाळ खरवडला, एका फडक्यात बांधला आणि उकिरड्यात खोल पुरला. भांडं राखेनं घासून ठेवलं.

फुलाबाई माहेरी होती. ती परतली, त्याच दिवशी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय झालतं?"

"नट ढिला ऱ्हायला हुता. माज्या हातनं."

तिनं इंजिनाच्या फुटक्या कुशीवर हात ठेवला.

"तेल बरुबर हुतं न्हवं?"

"तेलाला काय झालंय? येक नंबर तेल."

तिनं श्वास सोडला. तो त्याला ऐकू आला.

नट ढिला राहिल्याची गोष्ट गावभर झाली. तिनं नाही सांगितली. त्यानंच सांगितली, विचारेल त्याला. साळूबाई त्याच्या तोंडावर म्हणाली, "येक नट आवळता आला न्हाई रं तुला?" त्यानं मान हलवली. आनंदरावांनी लॉरीची दुरुस्ती त्याच्याकडून काढून नसरापूरच्या एका फिटरला दिली. लॉरी चालवायला मात्र ठेवली. उतारू आता चढावर लॉरी नीट चालत असली तरी खाली उतरायचे.

वैशाख आला. फुलाबाईनं पुन्हा शेंगा वेचल्या. घाण्यावर गेली. या खेपेला तेल तीनदा गाळलं. बरणी भरून त्याच्यापुढं ठेवली.

"लॉरीला लागंल," ती म्हणाली. "आन् मोटारीला."

"मोटार फुटलीया."

"पंतांनी भावजींकडं निरोप धाडलाय. पुण्यात तसलंच इंजिन हाय म्हनं. कुनाचं पडून. त्ये देत्यात मिळवून."

कुंडलिक हे त्याच्याशी बोलला नव्हता. मानसिंग बरणीकडं बघत राहिला. तेल स्वच्छ होतं. पलीकडची भिंत दिसत होती.

"मोटार जोडायची न्हाई," तो म्हणाला.

"का?"

मोबिल तेल अजून मिळत नव्हतं. मोटार उभी राहिली असती तर तिनं हीच बरणी हातात घेतली असती. घेऊ दिली नसती तर का म्हणून विचारलं असतं.

"न्हाई जोडायची. मला जमत न्हाई."

"येक डाव चुकलं. पुन्यांदा नीट आवळा. मी बत्ती धरून बसते शेजारी, येकेक नट मोजते." ती खाली बसली. आवाज हळू केला. "आवं, दारात मोटार असल्याबिगर मी पुन्यांदा ह्यात पडायची न्हाई. माज्यात तेवढी ताकद ऱ्हायली न्हाई. मोटार उभी करा, मग बघू. जोडायचीच न्हाई म्हनता, म्हंजे लेकरूच नगं म्हना की."

मानसिंगनं तोंड उघडलं. ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या बोटांना करंजाचा पिवळा डाग होता. नखांत होता.

"नगं," तो म्हणाला.

"काय?"

"लेकरू नगं मला."

फुलाबाई उठली. बरणी तिथंच राहिली. बाहेर कुंडलिक कोळसा पेटवून हाका मारत होता.