चावीमावशीचा माफीनामा

आमच्या गल्लीत रोगाच्या आधी समिती आली. रोगाला पोचायला आणखी बारा दिवस लागले, पण समितीचा रबरी शिक्का केव्हाच तयार होता. ज्या आठवड्यात तोंडाला बांधायला मास्क मिळत नव्हता, त्या आठवड्यात आमच्या अध्यक्षांना शिक्का बनवून देणारा बरोबर सापडला. तेव्हापासून मी त्यांना शिक्केसाहेब म्हणतो. पाठीमागे. तोंडावर नुसतं साहेब, कारण ते माझ्या समोरच्याच घरात दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचे कान त्यांच्या हुद्द्यापेक्षा मोठे आहेत.

पण गोष्ट त्यांची नाही. त्यांच्यावर शाई खर्च करायची माझी इच्छा नाही; करावी लागणार, ते वेगळं. गोष्ट चावीमावशीची.

चावीमावशी आमच्या भागात पाणी सोडते. छातीइतकी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, सायकलला बांधून रोज सकाळी साडेपाचला चौकात हजर. झाकण उचलायचं, चावी खाली घालायची, बारा आटे फिरवायचे की आमच्या गल्लीला पाणी. मग गल्लीत शिरून आतल्या बोळाच्या तोंडाशी दुसरं झाकण, दुसरा व्हॉल्व्ह, तो फिरवला की बोळातल्या चार घरांना पाणी. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो गेला काविळीनं. "पाणी खात्यातला माणूस काविळीनं गेला, आता बोला!" असं म्हणून त्यावर पहिली तीच हसते, आणि आपण हसलो की डोळे वटारते.

आवाज असा, की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं भांडण लागलंय. तसं काही नसतं. घरात सासू ठार बहिरी. वीस वर्षं तिच्याशी बोलून घसा तसाच झाला. भांडण खरोखर लागतं तेव्हा ती हळू बोलते. हे ज्याला माहीत नाही तो फसतो.

शिक्केसाहेब एकदा फसले होते. त्यांनी लाइनीला चोरून मोटार जोडली होती, शेजारच्या नळातलं पाणी यांच्या मजल्यावर. मावशीनं नळाचा आवाज ऐकूनच ओळखलं. अगदी हळू म्हणाली, "साहेब, पाना आहे का घरात?" साहेबांनी बिचाऱ्यांनी आणून दिला. त्यांच्याच पान्यानं त्यांचीच मोटार सोडवून, सायकलच्या मागे बांधून, घंटी वाजवत ती गल्लीभर मिरवत घेऊन गेली. आमच्याकडे अशी वरात पुन्हा निघाली नाही.

चौदा वर्षं रोजंदारी. त्या वर्षी कायम करायची यादी निघणार होती आणि तिचा नंबर आठवा होता. मुकादमानं स्वतः दाखवला होता. तिनं सासूला सांगितला, म्हणजे साहजिकच सगळ्या वस्तीला कळला.

तर बोळातल्या पहिल्या घरातला कंडक्टर आजारी पडला. त्याला गाडीत घालून नेलं, आणि गाडी वळते न वळते तोच समितीनं बोळाचं तोंड पत्र्यांनी बंद करायला घेतलं. वरून आलेला आदेश एवढाच होता की बोळातल्यांनी चौदा दिवस बाहेर यायचं नाही. पत्र्यांचा त्यात उल्लेख नव्हता. पण शिक्केसाहेबांना उत्साह आला की आदेश अपुरा पडतो. दोन लोखंडी खांब आणले, गवंडी आणला, खांबांच्या बुडाशी घमेली घमेली काँक्रीट ओतलं. नेमकं झाकणावर.

झाकण दिसत नव्हतं का? दिसत होतं. गवंड्यानं विचारलंसुद्धा, "साहेब, हे काय आहे?" साहेब म्हणाले, "तू तुझं काम कर." मी गॅलरीत उभा होतो. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. नंतर चौकशी केली तर गल्लीत तेव्हा अकरा जण गॅलरीत उभे होते, आणि प्रत्येकाला हेच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, तर गल्लीच्या तोंडाला दोरी. दोरीमागे आमचा औषधवाला, गळ्यात समितीचा पास, हातात फवाऱ्याची बाटली. आधी तिच्या चावीवर फवारलं, मग हँडलवर, मग तिच्यावर.

"मी काय ढेकूण आहे?" मावशी म्हणाली.

"मावशी, आत यायचं नाही. तुम्ही चौदा गल्ल्या फिरता."

"मग पाणी पोस्टानं पाठवू?"

"चौकातून सोडता तेवढं बास. आम्हाला येतंय की."

"तुम्हाला येतंय. बोळाला?"

"बोळ सील आहे."

"माणसं सील आहेत ना रे? नळ कुणी सील केला?"

औषधवाल्यानं मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. तो म्हणाला, "समितीला विचारा," आणि पुन्हा एकदा चावीवर फवारलं.

ती मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणाला, पत्र देतो. पत्र निघालं, समितीकडे आलं, त्यावर 'पोचले' असा शिक्का बसला. म्हणजे शिक्का कामाला आला.

बोळात चार घरं, एकोणीस माणसं. कंडक्टरची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं जागेवर. पिंपात होतं ते पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी तळाला गेलं. पलीकडच्या भिंतीवरून एक इस्त्रीवाला दोन कळश्या देत होता, तेवढंच. एकोणीस माणसांना दोन कळश्या! आणि त्याच दोन दिवसांत भोंगा लावलेली गाडी गल्लीतून चार वेळा फिरली: वारंवार हात धुवा, साबणानं हात धुवा, वीस सेकंद हात धुवा. कंडक्टरची बायको पत्र्याआडून ओरडली, "कशानं धुवू? थुंकून?" तर शिक्केसाहेब गॅलरीतून म्हणाले, "बाई, हळू बोला. ओरडल्यानं तुषार उडतात."

हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. वय झालं तरी असली वाक्यं विसरली जात नाहीत.

तिसऱ्या सकाळी मावशी चौकात पाणी सोडून दोरीशी उभी राहिली आणि वर बघू लागली. शिक्केसाहेबांच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाइपातून पाणी सांडत होतं, भिंतीवरून ओघळत खाली गटारात. टाकी भरून वाहत होती! ज्या दुसऱ्या मजल्यावर मोटारीशिवाय थेंब चढत नव्हता, तिथं. मावशीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. औषधवाला गाडी धूत होता. माझ्या घरात, लपवून काय करू, बायकोनं त्या दिवशी गोधड्या धुवायला काढल्या होत्या.

बोळाचा व्हॉल्व्ह बंद, म्हणून बोळाचं पाणी आमच्याकडे. नळाला जोर आला होता. लोकांना रोगाची भीती होतीच, नाही असं नाही. पण भीती दोन दिवसांत ओसरली असती. तिला फायद्याचा टेकू मिळाला आणि मग ती पाय रोवून उभी राहिली. हे आमच्यातल्या एकानंही स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. तिनं नुसतं वर बघून ओळखलं.

मावशी त्या दिवशी कुणाशी काही बोलली नाही. मी बायकोला म्हटलं, "काही खरं नाही. ती गप्प आहे."

चौथ्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार. तीही फक्त तळमजल्यावर, अंगणातल्या नळाला. सगळी गल्ली बादल्या घेऊन खाली. दोन हातांचं अंतर वगैरे शिकवण पहिल्या पाच मिनिटांत वाहून गेली. मावशी दोरीपलीकडे चावीवर हात टेकून उभी होती आणि हळू आवाजात बोलत होती. एवढा हळू, की सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं.

"बारा आटे सोडत होते, आज चार सोडलेत. प्यायला पुरेल, स्वयंपाकाला पुरेल, हात धुवायलाही पुरेल. गाड्यांना नाही. गच्चीवर नाही. झाकण मोकळं करा, बोळाला पाणी जाऊ दे, मग तुम्हाला बारा."

शिक्केसाहेब वरून कडाडले, "हे ब्लॅकमेलिंग आहे!"

"असेल. मला तुमच्याएवढे शब्द येत नाहीत. तिथं एक म्हातारी तीन दिवस घाणीत पडलीय, त्याला काय म्हणतात तेवढं सांगा."

"मी तुझी तक्रार करीन. यादीतून नाव जाईल!"

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चौदा वर्षं होती ती. मग म्हणाली, "करा. खाली येऊन करा, वरून ऐकू येत नाही."

तक्रार दुपारपर्यंत तयार. एकतीस सह्या. 'जाणूनबुजून पाणी तोडले, रोगराईच्या काळात नागरिकांचे हाल केले.' माझी सही सातवी. शिक्केसाहेब कागद घेऊन आले तेव्हा माझी बायको गुडघे धरून जिन्यात बसली होती, बादली शेजारी. मी वाचलं आणि केली. न वाचता केली असं सांगता आलं असतं; बरेच जण तसं सांगतात.

पण तक्रारीनं पाणी चढत नाही. पाचव्या दिवशी सकाळी फोडाफोड सुरू झाली. गवंडी येईना, त्याच्या वस्तीला त्याच्या समितीनं दोरी बांधली होती. मग आमचीच माणसं. औषधवाला छिन्नीवर हातोडी मारतोय आणि दर तिसरा घाव अंगठ्यावर. शिक्केसाहेब रबरी हातमोजे घालून घमेलं वाहतायत, गळ्यातला पास घमेल्यात बुडतोय. दोरीपलीकडून मावशी: "डावीकडून, साहेब, डावीकडून! शिक्का मारल्यासारखं काय मारताय? जोर लावा!"

अडीच तासांनी झाकण दिसलं. मावशी दोरीखालून वाकून आत आली. कुणी अडवलं नाही, कुणी फवारलं नाही. चावी घातली, फिरवली. पाइपातून आधी हवेचा खरखराट आला आणि मग बोळात एकदम चार नळ.

आम्हाला वाटलं, आता आतून कुणी आभार मानेल. निर्लज्जपणाला सीमा नसते. पत्र्यावरून एक अख्खी बादली पाणी आमच्या अंगावर आली आणि मागोमाग कंडक्टरच्या बायकोचा आवाज: "घ्या! धुवा हात! वीस सेकंद धुवा, मेल्यांनो!"

"अगं ए बये," मावशी किंचाळली, "पाणी वाया घालवू नकोस!"

पुढच्या आठवड्यात मुकादमानं बोलावलं. मावशीला, शिक्केसाहेबांना, आणि गल्लीतला ज्येष्ठ म्हणून मला. छोटी खोली, भिंतीला पाइपांचे नकाशे, खिडकीत वाळत घातलेला मास्क. मुकादम माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "बाई, मला सगळं माहीत आहे. पण एकतीस सह्या आहेत. तीन ओळींचा माफीनामा लिहून दे, मी फाइल बंद करतो. यादी परवा वर जातेय."

मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, माझी सही काढून टाका."

"कशी काढू, काका? शाईची आहे."

मावशीनं कागद ओढला. अक्षर तिचं मोठं, एकेक शब्द ओरडल्यासारखं. लिहायला वेळ लागला. शिक्केसाहेब समाधानानं पाय हलवत होते. लिहून झाल्यावर तिनं कागद मुकादमाकडे दिला आणि त्यानं तो, सवयीनं, मोठ्यानं वाचला:

"बोळातल्या चार घरांस. चार आटे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होते. चौथ्या दिवशी केले. यादीत नाव आहे म्हणून थांबले. तीन दिवस तुम्ही कोरडे राहिलात, ती माझी चूक. माफी असावी."

शिक्केसाहेबांचा पाय थांबला.

"बाई," मुकादम कागद खाली ठेवत म्हणाला, "हा कागद मी वर पाठवू शकत नाही."

"वर कुठं पाठवताय? नाव वाचा ना कुणाचं आहे ते." तिनं चावी उचलली. "येते. अकरा वाजता टाकीपाशी पाणी सोडायचंय."

मुकादमानं कागद फाइलीखाली सरकवला. मग आम्हाला म्हणाला, "तुम्ही लोकांनी तक्रार मागे घेतली तर अजून काही करता येईल. उद्या संध्याकाळपर्यंत." शिक्केसाहेब म्हणाले, समितीची बैठक घ्यावी लागेल. बैठक घ्यायला बंदी होती. गर्दी नको म्हणून.

मग मी फिरलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, घराघरात, तोंडाला फडकं बांधून, काठी टेकत. तिसऱ्या घरी चहा मिळाला, सही नाही मिळाली. एकजण म्हणाला, झालं गेलं, कशाला उकरता? एकीनं दारच उघडलं नाही, आतून म्हणाली, काका, तुम्ही घराघरात फिरताय, तुम्हाला कळत नाही का? औषधवाला अंगठ्याला पट्टी बांधून बसला होता. म्हणाला, "काका, कशाला त्रास घेता? पाणी तर येतंय ना आता सगळ्यांना?"

नऊ सह्या झाल्या, माझी धरून. बोळातल्या चारही घरांनी पत्र्याखालून कागद सरकवून दिला, अठरा जणांच्या सह्या आणि म्हातारीचा अंगठा वेगळा लावलेला, पण तक्रारीवर त्यांच्या सह्या नव्हत्याच, तेव्हा मागे घ्यायला काही नव्हतं. मुकादमानं दोन्ही कागद ठेवून घेतले.

यादी लागली तेव्हा आठव्या नंबरावर दुसरंच नाव होतं. मावशी रोजंदारीवर आहे. सकाळी साडेपाचला चौकात बारा आटे, मग बोळ.