यादी, आणि खलास
इथे आखातात, एगैलाच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, भाजी तोलून झाली की दुकानदार ‘खलास?’ विचारतो आणि मला तो गुरुवार आठवतो. आमच्या मराठी मंडळात एक विनोदवीर होता. एरवी बँकेत, गणपतीत स्टेजवर. दर गुरुवारी दुपारी, इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागता लागता, तो ग्रुपवर यादी टाकायचा: वाचायला एक पुस्तक, बघायला एक चित्र, हसायला काहीतरी, आणि शेवटी इथल्यासारखं ‘खलास’, म्हणजे संपलं. त्या उन्हाळ्यात त्याची बायको आजारी होती. किती आजारी, ते तो विचारूच द्यायचा नाही. लगेच काहीतरी बोलून हसवायचा. त्या गुरुवारी यादी उशिरा आली, तीही एका ओळीची: ‘या आठवड्यात काही नाही. खलास.’ आम्ही सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. मी तर गाडीत एसी गार व्हायची वाट बघत त्याला फोनच लावला. म्हटलं, ‘राजे, आजची यादी एक नंबर! काय टायमिंग!’ सवयीने तो ‘थँक्यू’ म्हणाला. मग त्याच्यामागे कुणीतरी अरबीत सही मागितली, आणि तो म्हणाला, ‘अरे, ही गेली. तासाभरापूर्वी. ग्रुपवर कसं सांगायचं तेच कळेना.’ तापलेल्या स्टिअरिंगवर तळवे ठेवून मी बसून राहिलो. चटका बसतोय हेही लक्षात आलं नाही. तो आता सांगलीला असतो, यादी बंदच पडली. ग्रुपवरचा माझा हसरा चेहरा मी तेव्हाच, तिथेच पुसून टाकला. पण तो ‘थँक्यू’ म्हणाला होता.